साडेसहाशे शब्दांचा दिवस

पहाटे ४.३५
नळ आधी नुसताच खाकरतो, मग पाणी येतं. लालबागच्या या चाळीत ते दीड तास टिकतं, आणि जोर असतो तो पहिल्या अर्ध्या तासातच. ती मोरीत पाइप लावते. आधी पिण्याचं, मग पिंप, मग बादल्या. बाबा सव्वाचारलाच बाहेर पडले. बेस्टमध्ये कंडक्टर, वडाळा आगार, या आठवड्यात पहिली पाळी. एरवी पिंप तेच भरतात. आज ते तिच्याकडे आलंय. पिंपाच्या तोंडाला फडकं बांधून होईपर्यंत दंड भरून येतात.

वय २५. लोअर परळच्या एका सल्लागार कंपनीत नोकरीचं तिसरं वर्ष. हातात महिना ७८,०००. त्यातले २५,००० घरात, २०,००० बाजूला. बाजूच्या खात्याला आई ‘शाळेचं खातं’ म्हणते. शाळा म्हणजे बिझनेस स्कूल. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा अर्ज सप्टेंबरातच गेला. आता स्टॅनफर्ड. तिथल्या दुसऱ्या फेरीची मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. २०२५चा डिसेंबर नुकता लागलाय. लालबागला अजून स्वेटर लागत नाही, पण लादी पायाला गार लागते.

५.२०
मंडळाची अभ्यासिका. महिना ३०० रुपये. जागा ठरलेली नाही, आधी येईल त्याला खिडकी. एमपीएससीवाले, सीएवाले, पोलीस भरतीचे दोघे. भरतीवाले मैदानावरून पळून आलेत, शर्ट पाठीला चिकटलेत. ती खिडकीशी बसते आणि पिशवीतून लॅमिनेट केलेले पाच कागद आणि बारीक टोकाचं मार्कर काढते. परीक्षा केंद्रावर कच्च्या कामासाठी असाच पुसता येणारा गुळगुळीत पॅड मिळतो, त्यावर पेन घसरतं. हात आधीच सरावलेला बरा म्हणून भारतमाता सिनेमाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून तिने साधे कागद लॅमिनेट करून घेतले. एकाचे २० रुपये.

परीक्षा जीमॅट. २०२३च्या शेवटी तिचा साचा बदलला. आता सव्वादोन तास, तीन भाग, प्रत्येकी ४५ मिनिटं. गणिताचे २१ प्रश्न, भाषेचे २३, आणि तक्ते-आलेख वाचून निष्कर्ष काढायचे २०. कॅल्क्युलेटर मिळतो तो फक्त या शेवटच्या भागात. गुण २०५ ते ८०५. पहिल्या वेळी तिला ६५५ पडले. गणित चांगलं गेलं, तक्त्यांत वेळ संपला. एकदा बसल्यावर पुन्हा बसायला निदान १६ दिवस थांबावं लागतं. फी २७५ डॉलर, चोवीस हजारांच्या आसपास. ती दुसऱ्यांदा भरून झाली आहे.

तक्त्यांचे २० प्रश्न ती घड्याळ लावून सोडवते. एकाला सव्वादोन मिनिटं. अडीच झाली की सोडून पुढे. मागे येऊन एका भागात तीनच उत्तरं बदलता येतात, म्हणून कुठली तीन, हे ठरवण्याचाही सराव. पोरांना हे कौशल्य वाटत नाही, पण पेपर इथेच हातचा जातो.

तिच्या बाबांनी दहावीचा अभ्यास वरळीच्या अभ्यास गल्लीत केला, सुदाम काळू अहिरे मार्गावर, रस्त्याच्या दिव्याखाली. घरात दहा माणसं होती. अभ्यासिकेत पंखा आहे, म्हणून ती कुरकुर करत नाही.

७.१०
घर. आईने खोलीभर वर्तमानपत्रं पसरलीत. मालवणी मसाल्याची ऑर्डर आहे, सहा किलो. मिरच्या निवडून, भाजून काल डंकावर कुटून आणल्या. खरा मोसम मार्च ते मे. तेव्हा मिरची गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसते. डिसेंबरात डंक रिकामा मिळतो. आता पाव किलोची पाकिटं भरायची, मेणबत्तीवर तोंड बंद करायचं. पाकिटाचे २५० रुपये. ती वीस मिनिटं वजनकाट्यापाशी बसते. आई भरते, ती तोलते. नाकाला रुमाल बांधलेला तरी दोघी शिंकतात.

“तो निबंध झाला का गं?”
“होतोय.”
“गेल्या आठवड्यातही होतच होता.”

आईचं म्हणणं बरोबर आहे. स्टॅनफर्ड वर्षानुवर्षं तोच प्रश्न विचारतं: तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं काय, आणि का? उत्तर साधारण ६५० शब्दांत. दुसरा निबंध ३५० शब्दांचा, इथेच का यायचंय त्याचा. दुसरा झालाय. पहिल्याचा चौथा खर्डा तिच्या लॅपटॉपमध्ये आहे. आज दिवसभर मी तिच्यासोबत आहे, तो मी वाचलाय. इंग्रजी सफाईदार आहे. त्यात भारताचा विकास आहे, तंत्रज्ञान आहे, समाजावर परिणाम घडवण्याची इच्छा आहे. तिच्या घरातलं, तिच्या कामातलं काहीच नाही.

८.२५
पोहे खाऊन, डबा घेऊन बाहेर. बस, १० रुपये. मे महिन्यापर्यंत हेच तिकीट पाचाचं होतं. बाबा सांगतात, भाडं वाढल्यावर पहिले काही दिवस प्रवाशांचा राग कंडक्टरलाच झेलावा लागला.

९.००
परळ-शिवडीच्या हद्दीवरची औद्योगिक वसाहत, तळमजल्याचा गाळा. तिच्या कंपनीचा ग्राहक म्हणजे तयार कपड्यांच्या दुकानांची एक साखळी. त्यांचा माल इथून दुकानांना जातो, दादरच्या दुकानालाही. ऑफिसचे बूट काढून ती पिशवीतल्या कॅनव्हासच्या बुटांत पाय घालते. हत्यारं चार: क्लिपचा पॅड, मोजपट्टी, खडू, फोनमधलं घड्याळ.

आज ती फक्त मोजणार आहे. दुकानाची मागणी कागदावर हातात आली की घड्याळ सुरू. माणूस रॅकपाशी जातो, गठ्ठा काढतो, टेबलावर आणतो, मोजणी, बॉक्स, चिकटपट्टी, चिठ्ठी. बॉक्स दारापाशी टेकला की घड्याळ बंद. टोळी सहा जणांची, माथाडी बोर्डात नोंद असलेली. मजुरी नगावर ठरते आणि बोर्डातून हातात येते. १९६९चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आला. त्याआधी हमालाला ना सुट्टी होती, ना भविष्य निर्वाह निधी.

ऑगस्टमध्ये ती इथे पहिल्यांदा आली तेव्हा तक्रार अशी होती: दादरला दुपारी बाराचा माल चारला पोचतो, संध्याकाळची गिऱ्हाइकी हातची जाते. मालकांचा अंदाज होता की माणसं आळशी आहेत किंवा नवं सॉफ्टवेअर हवं. तिच्या वरिष्ठांचा कल सॉफ्टवेअरकडे होता. ती दोन दिवस कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी मुकादम चहाचा ग्लास घेऊन जवळ आले. वय साठीला टेकलेलं, साताऱ्याकडचे.

“मॅडम, काय लिवताय एवढं?”
“वेळ कुठे जातो ते बघतेय, काका.”
“त्यात काय बघायचं? शिडी एक हाय. मानसं सहा. जो माल सारखा लागतो तो वरच्या फळीवर. खाली सगळा न खपणारा.”

तिने रॅक मोजले. खरंच तसं होतं. माल महाग तेवढा खाली, चोरीची भीती कमी म्हणून, आणि लेगिंग्ज, बनियन, शाळेचे मोजे वर, छताला लागून. सारखी मागणी त्यांचीच. दर मागणीला कोणीतरी शिडीसाठी थांबत होता. तिने खडूने जमिनीवर नवी मांडणी आखली. मुकादमांनी त्यातल्या दोन रेषा पुसल्या आणि ढकलगाडी वळेल एवढी जागा सोडली. ती तिला सुचली नव्हती. दोन रविवार सगळ्यांनी मिळून माल हलवला. त्या दोन दिवसांची जादा मजुरी ग्राहकाकडून मंजूर करून घेताना तिला तीन मेल लिहावे लागले.

आधी एका मागणीला सरासरी ३८ मिनिटं लागायची. आजच्या बारा मागण्यांची सरासरी येते २१. ती दोनदा बेरीज करते. बरोबर आहे. मजुरी नगावर असल्याने टोळीचीही कमाई वाढली आहे, आणि माणूस एकही कमी झालेला नाही.

तिच्या बायोडेटात हे एका ओळीत आहे: गोदामाच्या कामाचा वेळ ४५ टक्क्यांनी कमी केला. ओळ खोटी नाही. पण अशी ओळ प्रत्येक तरुण सल्लागाराच्या बायोडेटात असते, तेच क्रियापद, तसाच टक्का. प्रवेश समितीतला माणूस एका बैठकीत अशा कितीतरी ओळी वाचत असणार. शिडी मात्र एकाच्याच अर्जात येऊ शकते. हे मी तिला गाळ्यात म्हणालो नाही. ती मोजत होती.

१२.५०
लोअर परळ. ऑफिस एका जुन्या गिरणीच्या आवारात, काचेची इमारत, बाहेर ना. म. जोशी मार्ग. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात कामगारांसाठी रात्रीच्या शाळा, वाचनालयं चालवली. तेव्हा या रस्त्याचं नाव डिलाइल रोड होतं. तिचे आजोबा याच भागातल्या गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. नंतर त्यांनी भायखळ्याच्या बाजारात पावत्या लिहिल्या.

कॅन्टीनची थाळी २२० रुपयांची. ती डबा उघडते. चपाती, फरसबी, आईच्या मसाल्याचं वाटाण्याचं सांबारं. डब्याला तिच्या टेबलावर गिऱ्हाइकं आहेत. दिल्लीचा एक सहकारी आपली थाळी सरकवून सांबारं घेतो. गेल्या महिन्यात त्याने आईच्या मसाल्याची दोन पाकिटं घरी नेली. पैसे देऊन.

३.०५
आजची सगळ्यात अवघड वीस मिनिटं. मॅनेजरकडून शिफारसपत्र.

मॅनेजरला सांगायचं की नाही, इथेच बरेच जण अडकतात. सांगितलं तर बढती, बोनस हातचा जाईल ही भीती. मग कोणी जुन्या वरिष्ठाकडे जातं, कोणी ग्राहकाकडे. तिने सप्टेंबरातच सांगून टाकलं होतं. मॅनेजर नाराज झाले नाहीत, पण कामात बुडालेले.

“तू लिहून आण ना. मी वाचतो आणि टाकतो. सगळे तसंच करतात.”
“नको सर. ते तुमच्याच शब्दांत लागतं. तसं स्टॅनफर्डने स्पष्ट लिहिलंय.”
“अगं, माझ्यापेक्षा तू चांगलं लिहिशील.”
“म्हणूनच नको.”

ते हसतात. ती फाइलमधून एक पान काढून ठेवते. पानावर मागच्या दोन वर्षांतले सात प्रसंग: तारीख, प्रकल्प, कोण हजर होतं, काय झालं. विशेषण एकही नाही. मला त्या दिवसातलं सगळ्यात कसबाचं काम हेच वाटलं. शिफारस करणाऱ्याला स्तुतीचे शब्द पुरवायचे नसतात, आठवण पुरवायची असते. बऱ्याच बिझनेस स्कूल आता साधारण तेच दोन प्रश्न विचारतात: याच पदावरच्या इतरांच्या तुलनेत उमेदवार कसा आहे, उदाहरण द्या. आणि तुम्ही त्याला दिलेली सर्वांत महत्त्वाची सूचना कोणती, त्यावर त्याने काय केलं? दुसऱ्या प्रश्नाला गोडगोड उत्तर दिलं की पत्राचं वजन जातं.

मॅनेजर पान वाचतात. पाचव्या प्रसंगावर बोट थांबतं.

“हे कशाला घातलंस? यात तू गप्प बसली होतीस.”
“हो. ग्राहक चुकीचा आकडा सांगत होता. मला माहीत होतं. मी बोलले नाही. तुम्ही बाहेर येऊन मला झापलंत.”
“झापलं नव्हतं.”
“झापलंत, सर.”
“मग या शिडीच्या वेळी तू भांडलीस माझ्याशी. सॉफ्टवेअर नको म्हणून.”
“तेच सहाव्या नंबरला आहे.”

ते पेन काढतात आणि पाच ते सहा एक बाण ओढतात. पान घडी करून खिशात घालतात, टेबलावर ठेवत नाहीत. चांगली खूण आहे.

४.००
स्लाइड. २१ मिनिटांचा आलेख, रंग, अक्षराचा आकार, पुन्हा रंग. दोन फोन, एक बैठक. यात सांगण्यासारखं काही नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी ती लॅपटॉप मिटते. बुधवारी आणि शुक्रवारी ती या वेळी उठते हे सगळ्यांना माहीत आहे. त्या बदल्यात इतर दिवशी नऊ-साडेनऊ होतात.

६.४०
परळ, पोयबावडीचा भाग. इथे दामोदर हॉलजवळ बी.आय.टी. चाळ आहे. तिथल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसएक वर्षं राहिले. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा घर परळचंच होतं. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी दामोदर हॉलमध्ये होती. ती ज्या रात्रशाळेत शिकवते ती इथून चालत पाच मिनिटांवर.

शाळा दुसऱ्याची, रात्री भाड्याने. बाकं पाचवीच्या पोरांच्या मापाची. नववी-दहावीच्या एकत्र वर्गात आज सतरा जण. कुरियरवाला, मेडिकलच्या दुकानातला, केटरिंगला जाणारे दोघे, धुणीभांडी करणारी चौतीस वर्षांची बाई. मुलगा आठवीत आहे आणि तिला त्याच्या आधी दहावी व्हायचंय. ती शिकवायला खडू घेते. आज चक्रवाढ व्याज.

सूत्र ती लिहीत नाही. विचारते, “भिशीत कोण आहे?” सहा हात वर. “कर्ज कोणी घेतलंय?” थांबून तीन. त्यातला एक फोनच्या हप्त्याचा. फळ्यावर त्याच्या हप्त्याचे आकडे मांडले जातात. फोन १४,०००चा, हप्ते १,५५०चे बारा. वर्ग एकदम जागा होतो. एकूण १८,६००. कुरियरवाला पुटपुटतो, “साडेचार हजार उगाच.” बाई म्हणते, “उगाच नाय, ते व्याज हाय.” मग सूत्र येतं, आणि या वेळी सगळे ते वहीत उतरवतात.

२०२३च्या जूनपासून ती इथे येते. पगार नाही. साडेआठला चहा आणि पारलेचं पाकीट, ते शाळेचे सर आपल्या खिशातून आणतात. अर्जात नोकरीबाहेरच्या कामासाठी जागा असते. तिने आधी ती दीड ओळीत भरली होती. म्हणे, आठवड्यात दोन संध्याकाळी शिकवते, त्यात काय सांगायचं? मी इथे तिच्याशी भांडलो. अर्जाच्या तीन महिने आधी संस्था काढणारे, फोटोपुरते झाड लावणारे असतात. अर्ज वाचणारे तारखा बघतात. अडीच वर्षं टिकलेल्या दोन संध्याकाळी ही लपवण्याची गोष्ट नाही. आणि ती अर्जासाठी सुरू केली नव्हती, हे तारखेवरूनच दिसतं.

सुटताना मेडिकलवाला थांबवतो. धाकट्या भावाची शाळा सुटलीय, त्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येईल का? ती फोनवर शिक्षण मंडळाचं संकेतस्थळ उघडून मुदत बघते, त्याच्या वहीत लागणारे कागद लिहून देते. शाळा सोडल्याचा दाखला मूळचाच लागेल, झेरॉक्स नाही. खाली दोनदा रेघ.

९.३५
घर. वाटेत वडापाव, २० रुपये, तरी आईने भात ठेवलेला. बाबा जेवून बसलेत. उद्या पुन्हा पावणेचारला उठायचंय, पण तिच्यासाठी थांबलेत. कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत त्यांनी हिशेब मांडलाय. कंडक्टरचा हात, आकडे सरळ.

“वर्षाची फी ऐंशी हजार डॉलरच्या वर म्हणालीस. दोन वर्षं. म्हणजे नुसती फीच दीड कोटीच्या आसपास.”
“फी सगळी भरावी लागतेच असं नाही, बाबा. परिस्थिती बघून मदत देतात.”
“आणि नाही दिली तर?”

ती यादी काढते. टाटांची जे. एन. टाटा एंडोमेंट, १८९२ची, कर्जाऊ शिष्यवृत्ती, कचेरी फोर्टात. के. सी. महिंद्रा ट्रस्टची बिनव्याजी कर्जाऊ शिष्यवृत्ती. मग बँक. बाबा प्रत्येकापुढे किती लाख विचारतात आणि पेन्सिलीने लिहितात, पेनाने नाही. सप्टेंबरात अमेरिकेने एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावल्याचं त्यांनी पेपरात वाचलंय. तिथे नोकरी करून कर्ज फेडायचं हे गणित त्यामुळे सैल झालं. तिला परत यायचंय, पण परत येऊन इथल्या पगारात हप्ता किती बसेल, हे बाबांना आत्ता हवंय. तिलाही हवंय. अर्जाची फी २७५ डॉलर. दोघे ठरवतात: अर्ज करायचा. प्रवेश मिळाला आणि निम्म्याहून जास्त मदत मिळाली नाही, तर हैदराबाद. तिथे एका वर्षात अभ्यासक्रम संपतो. बाबा दिवा मालवतात. ती लॅपटॉप घेऊन गॅलरीत येते.

एका अर्जाला सल्ला देण्याचे लाखभर रुपये घेणारे लोक या शहरात आहेत. ऑफिसातल्या दोघांनी ते भरले. तिने नाही. तिच्याकडे वाचणारी मावशी आहे.

१०.०५
मावशी गिरगावात राहते. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त. बिझनेस स्कूलविषयी तिला काही माहिती नाही, आणि तेच कामाचं आहे. चौथा खर्डा तिने प्रिंट काढून वाचलाय. फोन स्पीकरवर.

“व्याकरणात चूक नाही. पण हे लिहिलंय कोणी?”
“म्हणजे?”
“म्हणजे खालचं नाव बदलून मी दुसऱ्या कोणाचं घातलं तर काही अडत नाही. दुसऱ्या परिच्छेदात तू गोदामाचं लिहिलंयस. तिथला प्रश्न तू ओळखलास म्हणतेस. कसा ओळखलास?”
“तिथले मुकादम काका म्हणाले, शिडी एकच आहे.”
“मग ते कुठायत?”

गॅलरीत थोडा वेळ खालच्या रस्त्याचा आवाज तेवढा.

“मावशी, त्यात माझं काय राहतं मग? मी काय केलं, ते दाखवायचंय.”
“तू दोन दिवस स्टुलावर बसलीस ना? दुसऱ्या कोणी बसलं होतं? ते सांगेपर्यंत थांबलीस. वरच्या माणसाशी भांडलीस. जादा मजुरी मागून घेतलीस. हे तुझंच आहे. त्यांचं त्यांना देऊनही उरतंय की.”

मावशी आणखी दोन गोष्टी सांगते. शेवटचा परिच्छेद काढून टाक, त्यात नुसती इच्छा आहे. आणि आजोबांचा संप घालायचा मोह होईल, तो दोन ओळींपलीकडे जाऊ देऊ नकोस. निबंध तुझा आहे. तिसरी गोष्ट ती विचारते: जेवलीस का?

१०.४०
पाचवा खर्डा. ती कोऱ्या पानावर सुरुवात करते, जुनं उघडतच नाही. पहिल्या वाक्यात शिडी. कोणाचं नाव नाही. ग्राहकाचं नाव करारामुळे देता येत नाही आणि मुकादमांचं त्यांना न विचारता द्यायचं नाही. मग खडूची रेष आणि ती पुसणारा हात. मग रात्रशाळेतला फोनचा हप्ता, कारण तिथेही आधी वर्गाला विचारावं लागलं. आता प्रश्नाचं उत्तर तिला सापडतंय: ज्याच्या हातातून काम जातं त्याला आधी विचारणं, हे तिच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. का, तर आजोबांना कोणी विचारलं नव्हतं. ही ओळ ती लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. दोन ओळींत बसवते.

शब्द मोजते. ७८०. विशेषणं जातात, ७१०. बायोडेटात असलेला टक्का इथे पुन्हा कशाला, तो जातो. ‘नेतृत्व’ तीनदा आलंय, तिन्ही जातात. ६६८. ढकलगाडीचं वाक्य काढावं का म्हणून ती थांबते. नाही काढत. त्याऐवजी स्वतःच्या शिक्षणाविषयीचं वाक्य काढते, ते अर्जात दुसरीकडे आहेच. ६४६.

११.५०
बायोडेटातली ती एक ओळही ती उघडते. ‘कमी केला’ च्या जागी लिहिते: सहा कामगारांच्या टोळीसोबत मांडणी बदलून मागणीचा वेळ ३८वरून २१ मिनिटांवर आणला, माणूस कमी न करता. ओळ पानाबाहेर जाते. एकाच पानात बसवायचं असल्याने कॉलेजातल्या एका स्पर्धेचं पारितोषिक काढावं लागतं. ती ते काढते.

मॅनेजरचा मेल आलेला असतो, सव्वाअकराचा. ‘पाचव्या प्रसंगाची तारीख चुकली आहेस, ती बैठक मार्चमध्ये होती. रविवारी लिहायला बसतो.’ ती डायरी काढून तारीख तपासते. मार्चच होता. दुरुस्त पान परत पाठवते, उद्या गाळ्यात मुकादमांना विचारायचे दोन प्रश्न फोनमध्ये टिपते, आणि पाणी भरण्यासाठी पहाटे साडेचारचा गजर लावते.